मोरवण्याचा डबा

जाताना : शेंगदाण्याची चटणी

डबा पितळी होता, फिरकीच्या झाकणाचा. बुडावर 'सौ. प्रभा' अशी अक्षरं ठोक्यांनी कोरलेली. लग्नात आईनं दिलेल्या सगळ्याच भांड्यांवर तशी होती, कारण भांडी शेजारीपाजारी जातात, आणि नाव असलं की घर ओळखून परत येतात. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात असा एकही डबा नव्हता, जो दुसऱ्याच्या फडताळात राहून आला नाही. आणि असाही एक नव्हता, जो रिकामा परत आला. काही नसेल तर चिमूटभर साखर. तीही नसेल तर दोन सुपाऱ्या. रिकामं भांडं परत करणं म्हणजे तोंडावर दार लावणं.

पण आजवर हा डबा फार तर सात रस्त्यापर्यंत गेला होता. आता तो समुद्रावर निघाला होता.

"तिखट सोसेल का हो त्यांना?" प्रभानं विचारलं.

"दर्यावर उभं आयुष्य काढलेली माणसं ती," यज्ञेश्वर म्हणाले. "तुझ्या चटणीला भितात की काय?"

तिनं खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली लाल चटणी बोटांनी दाबून दाबून भरली. झाकण फिरवलं. मांजरपाटाच्या तुकड्यात डबा शिवला आणि नवऱ्यापुढं ठेवला. त्यांनी चित्रातल्या अक्षरांसारख्या सुबक अक्षरात पत्ता घातला : महिपती तांडेल, मोरवणे बंदर, मालवणाखाली.

महिपतीला दोघांनीही कधी पाहिलेलं नव्हतं. समुद्रही पाहिलेला नव्हता.

त्याआधी : गड्ड्यावरचा तंबू

संक्रांतीला सिद्धेश्वराची जत्रा भरली की गड्ड्यावर तंबूंची रांग लागते. एकोणीसशे एकतीस साली एका तंबूबाहेर एक माणूस पत्र्याच्या कर्ण्यातून ओरडत होता, "जलपरी! अर्धी बाई, अर्धी मासोळी! बघा, नाहीतर जन्मभर हळहळा!"

आत फळ्यांवर एक जनावर निजवलेलं होतं. मेलेलं, पोटात कडबा भरलेलं. म्हशीएवढं धूड, राखाडी कातडं, माशासारखी शेपूट, आणि डोक्यावर कुणीतरी काळ्या केसांचा टोप चिकटवलेला. टोप सरकून एका डोळ्यावर आला होता. लोक हसत होते. यज्ञेश्वर एका हायस्कुलात चित्रकलेचे मास्तर. ते खिशातली वही काढून तिथंच रेखाटायला लागले.

प्रभा पुढं झाली. जनावराच्या पुढच्या पंखाखाली, बाईची काख असावी तिथं, तिला एक स्तनाग्र दिसलं. ओढलेलं, लांबट. पोरानं चोखून चोखून होतं तसं. लहानग्या विजयमालेचं दूध तोडून तिला चारच महिने झाले होते. तिची ओळखण्यात चूक होणं शक्य नव्हतं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तो टोप काढायला सांगा. ही परी नव्हे. ही अंगावर पाजणारी आहे."

तंबूवाल्यानं ऐकलं. "पाजणारीच हो बाई. दर्याची गाय म्हणतात तिकडं. पाण्यातलं गवत खाते."

"आणि तिचं पोर?"

"होतं की मागंमागं. पण एवढ्याशा कातड्याला कोण बघतंय? दिलं सोडून." आपण मोठी दया केली अशा सुरात तो म्हणाला. मग गप्पांच्या भरात पुढं, "मोरवणे बंदरातली ही. माझा बाप सांगायचा, पूर्वी त्यांच्या पाठींनी खाडीचं तोंड राखाडी दिसायचं. आता ही एक मिळवायला दोन पावसाळे थांबलो मी."

घरी चपला काढता काढता प्रभा म्हणाली, "तुम्ही पत्र लिहा."

"कुणाला?"

"त्या बंदराला."

"अगं, बंदराला पत्र कसं लिहितात?"

"तिथं शाळा असेल. शाळा असेल तर मास्तर असेल. मास्तरानं मास्तराला लिहायचं. आणि विचारायचं, किती उरल्यात."

हजेरी

मास्तर होते. मुकुंद मास्तर. त्यांचं उत्तर आलं आणि यज्ञेश्वरांनी शाळेतला एक कोरा हजेरीपट घरी आणला. विद्यार्थ्यांच्या नावांच्या जागी काहीच लिहिलं नाही. महिन्यांच्या रकान्यांत आकडे.

एकतीस, फाल्गुन : सात.

मोजणारा महिपती तांडेल. ओहोटीला स्वतःची होडी घेऊन खाडीच्या तोंडाशी गवताच्या पट्ट्यावर जायचा, दर्याच्या गायी श्वास घ्यायला वर येतील तशी बोटं मिटायचा, आणि परत येऊन मुकुंद मास्तरांना बोटं दाखवायचा. मास्तर कार्ड टाकायचे.

बत्तीस, माघ : पाच. (दोन खालच्या गावाच्या जाळ्यात.)

यज्ञेश्वरांनी त्या जनावराचं चित्र शंभर वेळा काढलं. टोपाशिवाय. एकेक चित्र एकेका बंदराला गेलं. जिल्ह्याच्या कचेरीला अर्ज गेले : सदर प्राणी नामशेष होत असून खाडीच्या तोंडाशी जाळी टाकण्यास मनाई व्हावी. शाळेत ते वर्गात तांब्या-पेला ठेवायच्या ऐवजी फळ्यावर दर्याची गाय काढून द्यायला लागले, तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "अहो, सोलापुरात प्यायला पाणी नाही, आणि तुमचा जीव समुद्रात!" शिक्षकांच्या खोलीत त्यांना 'दर्यासारंग' नाव पडलं. ते त्यांनी घरी येऊन प्रभाला सांगितलं आणि दोघं हसली.

तेव्हाच प्रभा म्हणाली होती, "तो माणूस दर महिन्याला पाण्यात जाऊन मोजतो. त्याला नुसतं 'आभारी आहोत' लिहिता? मी चटणी देते."

अशी चटणी गेली. सोबतच्या पत्रात एक विनंती : गायींना कुणी मारू नये, एवढं गावाला सांगावं.

येताना : सुके बांगडे

महिन्यानं डबा परत आला. झाकण उघडलं मात्र, आणि माजघरातून वास थेट बोळात गेला. शेजारच्या काकू नाकाला पदर लावून डोकावल्या. "प्रभा, उंदीर मेलाय का गं कुठं?"

प्रभा डबा परसात घेऊन पळाली. परसदारात केम गावची सोजरबाई बसली होती. आठवड्याला रेल्वेनं यायची, शेंगा घेऊन. तिनं डब्यात बघितलं आणि तिचा चेहरा उजळला.

"अगं बया! बांगडा हाय की ह्यो! वैनी, तुमच्या बामणाच्या घरात दर्या शिरला म्हना की."

"हळू बोल, सोजरबाई."

"हळू बोलून वास थांबतुय व्हय? द्या हिकडं. माझं मालक लई खूश हुत्याल."

बांगडे केमला गेले. डबा राखेनं तीनदा घासला, चिंचेनं घासला, दोन दिवस उन्हात ठेवला. आणि प्रभानं पत्रात लिहायला लावलं : पाठविलेला जिन्नस फार पसंत पडला.

"हे खोटं आहे," यज्ञेश्वर म्हणाले.

"खोटं कसलं? सोजरबाईला पडलाच ना पसंत?"

त्या वेळच्या कार्डात मुकुंद मास्तरांनी लिहिलं होतं : "गावास सांगितले आहे. सोलापूरच्या गुरुजींच्या गायी, असे आता लहानथोर म्हणतात. बाहेरची होडी गवताकडे वळली तर महिपती हाकलून लावतो."

गुरुजींच्या गायी. ते वाक्य दोघांनी दोनदोनदा वाचलं, आनंदानं. त्यात काय लिहिलं आहे ते दोघांनाही कळलं नाही.

जाताना, येताना, जाताना, येताना

चटणी गेली. आमसुलं आली, मुकुंद मास्तरांनी तिकडं कानात सांगितलं असावं. ज्वारीचे पापड गेले. शिंपले आले, एका वेलीसारख्या दोऱ्यात ओवलेले, विजयमालेसाठी. महिपतीची बायको सोनाबाई. आता पत्रातला अर्धा मजकूर तिचा आणि प्रभाचाच असायचा. तिला किती मुलं, हिला किती. तिच्याकडं पाऊस किती, हिच्याकडं किती नाही. सोनाबाईला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची, मुकुंद मास्तर लिहायचे. पण दोन-तीन पत्रांनंतर प्रभाला तिचा आवाज ऐकू येऊ लागला. जाडसर, भरभर बोलणारा.

तेहतीस, वैशाख : तीन.

त्याच महिन्यात डब्यातून गवत आलं. वाळलेलं, चपट्या पातीचं, खारट वासाचं. "गायी हे खातात," असं पत्रात होतं. प्रभानं ते हातात धरलं आणि तिला काय करावं सुचेना. सोजरबाईनं एक पात उचलून उजेडात धरली. गवताचं तिला कुणी शिकवायला नको होतं.

"चरल्यालं हाय हे."

"कशावरून?"

"शेंडा कुटं हाय ह्याला? बगा की. ही पात बगा, ही बगा. तोडलीया. त्वांड लागलंय जनावराचं." तिनं पात प्रभाच्या तळहातावर ठेवली. "जित्ती हायती तुमची गुरं."

प्रभानं एक पात हजेरीपटात ठेवली, वैशाखाच्या पानात. बाकीचं गवत टाकवलं नाही. कपाटात राहिलं.

चौतीस, श्रावण : दोन. पुढं मुकुंद मास्तरांच्या अक्षरात : एक आई, एक पोर.

त्या ओळीवर प्रभा बराच वेळ बोट ठेवून बसली. पोर नवं होतं. म्हणजे अजून होत होती.

जाताना : चटणी आणि एक ओळ

आणि कार्तिकात कचेरीचं पत्र आलं. चार वर्षांनी. माघाच्या सुरुवातीला साहेब स्वतः मोरवण्यास येतील; प्राणी प्रत्यक्ष दृष्टीस पडल्यास खाडीच्या तोंडाशी जाळी बंद करण्याचा विचार होईल; अर्जदारानं समक्ष हजर राहावं.

यज्ञेश्वरांनी ते पत्र उभ्यानं वाचलं, आणि बसायला गेले तर बसता येईना. दोन हिवाळे त्यांचे गुडघे धरले होते. पाटावर मांडी घालून जेवणं सुटलं होतं. खुर्चीवर बसून, ताट स्टुलावर ठेवून जेवायचे आणि त्याची त्यांना लाज वाटायची. जिना उतरताना भिंत धरायचे. कुर्डुवाडी, मिरज, कोल्हापूर, मग मोटारीनं घाट, मग होडी. होडीत चढणार कसे?

"मी पत्रानं कळवतो," ते म्हणाले. "चित्र पाठवतो."

"साहेब चित्र बघायला येतोय का?"

त्यांनी पत्राची घडी घातली.

डबा भरला होता. प्रभानं पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं, त्यांच्या मजकुराखाली एक ओळ लिहिली. सोनाबाईसाठी. बाईनं बाईला सांगावं तशी.

"माघात साहेब यायचे आहेत आणि ह्यांचे गुडघे धरले आहेत, जिना उतरवत नाही, कसे येणार देव जाणे."

एवढंच. मागितलं काही नव्हतं.

येताना : औषध

पौष लागता लागता डबा आला. सोबत पत्र नव्हतं. कापडावरच पोस्टातल्या कुणीतरी दोन ओळी खरडल्या होत्या : गुडघ्यांस कोमट करून रोज चोळणे. पत्र मागाहून.

आत तेल. थिजलेलं, पांढुरकं, स्वच्छ. प्रभानं आधी श्वास रोखून धरला. मग सोडला. वास नव्हताच. सोजरबाईनं बोट बुडवून नाकाशी नेलं.

"मासळीचं न्हाय ह्ये. तुपावानी वाटतंय. गाईच्या."

"कसलं असेल गं?"

"असंल कसलं तरी तिकडच्या झाडाचं. चोळा की वैनी. इतक्या लांबनं धाडलंय त्या माउलीनं."

रोज सकाळी प्रभा वाटीत दोन बोटं तेल घ्यायची, निखाऱ्यावर कोमट करायची आणि यज्ञेश्वरांच्या पायांशी बसायची. तेल कातडीत असं मुरायचं की पुसायला काही उरायचंच नाही. चौथ्या दिवशी ते भिंत न धरता जिना उतरले. सातव्या दिवशी प्रभा स्वयंपाकघरातून ताट घेऊन आली तर खुर्ची रिकामी. यज्ञेश्वर पाटावर बसले होते. मांडी घालून. लहान मुलासारखे तिच्याकडं बघत.

"वाढ," ते म्हणाले. "अशी बघत काय राहिलीस? वाढ की."

तिनं ताट पाटापुढं ठेवलं. दोघांनीही त्या दिवशी जास्त भात खाल्ला.

पत्र

नवव्या दिवशी सकाळी पोस्टमन आला, तेव्हा तिचा एक हात त्यांच्या डाव्या गुडघ्यावर होता. दुसऱ्यानं तिनं पत्र घेतलं. तिच्याच नावाचं होतं.

"वाच," यज्ञेश्वर डोळे मिटून म्हणाले.

*सौ. प्रभाताई यांस, सोनाबाईचा नमस्कार. सोनाबाई सांगते, मी लिहितो. औषध पावले असेल. लावले की नाही?*

"लावलं, लावलं," यज्ञेश्वर हसले.

*दर्यात याच्यासारखे दुसरे औषध नाही. माझ्या सासऱ्याचे गुडघे याच्यावर ऐंशीव्या वर्षी होडी लोटीत. आता कोणाला मिळत नाही. पण तुमचे तुम्हाला राखलेले होते म्हणून*

प्रभा थांबली.

"म्हणून?"

*म्हणून महिपती गेला. चार वर्षे गुरुजी आपल्या गायी मोजतात. एकदाही मागितली नाही. कोणाला हात लावू दिला नाही, आम्हीही दिला नाही. आता धन्याला गरज पडली तर त्याची वस्तू त्याला द्यायची नाही तर कधी? मोठी होती ती काढली. आम्ही त्यातले बोटभरही ठेवले नाही, सगळे चांगले तेल तुमच्या डब्यात*

"प्रभा?"

"बरं चाललंय म्हणतात सगळं," ती म्हणाली. "पाऊस... यंदा बरा झाला म्हणतात."

"पौषात पावसाचं लिहिलंय?"

*पोर दोन दिवस होडीच्या मागे फिरले. मग दिसले नाही. पण लहान आहे, गवत खायला शिकले आहे, येईल. डबा इतक्या वर्षांत कधी नुसत्या आमसुलांनी भरावा लागला, त्याची मला लाज वाटत असे. या वेळी मनासारखा भरला. गुरुजींना घेऊन या. चालत या.*

खाली वेगळ्या, बारीक अक्षरात : *आईच्या आजारपणामुळे मी महिनाभर गावी नव्हतो. काल आलो. असतो तर. मला क्षमा करावी. सोनाबाईला मी काही बोललेलो नाही. ती फार आनंदात आहे. — मुकुंद*

"वाचतेस एक आणि बोलतेस एक," यज्ञेश्वर म्हणाले. डोळे उघडले. "आण इकडं."

तिनं दिलं. तिच्या बोटांचं तेल कागदाला लागलं होतं. पाचही बोटं उठली होती, आणि त्या पाच जागी कागद पारदर्शक होऊन मागची अक्षरं पुढं दिसत होती.

त्यांनी वाचलं. एकदाच. मग स्वतःच्या गुडघ्याकडं पाहिलं. तो चकाकत होता.

हजेरी

पौष :

रकाना कोरा. सात दिवस.

प्रभा वाटीकडं गेली नाही. त्यांनीही मागितलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाट भिंतीला टेकवून ठेवला आणि खुर्ची ओढली. पाचव्या दिवशी जिन्यावर त्यांचा हात भिंतीवर गेलेला तिनं पाहिला. शाळेतून आले की ते हजेरीपट उघडायचे, टाक शाईत बुडवायचे, शाई टाकावर वाळायची.

"माझी ओळ होती ती," एकदा ती म्हणाली. "मी लिहिली."

"आणि मोजायला मी लावलं." ते म्हणाले. "मी त्यांना एकदाही सांगितलं नाही, प्रभा. मारू नका म्हणालो. का, ते सांगितलं नाही. मला वाटलं, ते कळतंच. माणूस जे मोजतो ते त्याचं असतं. शेळ्या मोजतो, नारळ मोजतो. त्यांनी दुसरं काय समजायचं? माझ्यासाठी राखल्या त्यांनी. चार वर्षं. माझ्यासाठी."

आठव्या दिवशी ते म्हणाले, "वाटी आण."

तिला वाटलं, ओतून टाकायला. परसातल्या तुळशीपाशी, किंवा सिद्धेश्वराच्या तळ्यात. तिनं डबाच आणला. तळाशी तीन बोटं तेल होतं.

त्यांनी धोतर गुडघ्यावर घेतलं. "चोळ."

"माझ्यानं नाही होणार हो."

"पोर आहे अजून. सोनाबाई म्हणते ना, येईल? साहेब येणार. त्या पोरासाठी कुणीतरी तिथं उभं राहायला हवं. माझ्या पायांनी मी शुक्रवार पेठेच्या बाहेर जात नाही." त्यांनी डब्यावर हात ठेवला. "हिच्यानं जातो. हिच्यानं जाता येतं हे कळलंय मला, नऊ दिवस बघितलंय मी. आता ओतून दिलं तर ती नुसतीच मेली. चोळ, प्रभा."

ती बसली. तेल कोमट केलं नाही. हाताच्या उबेनंच विरघळलं. ती चोळत राहिली, रोज, पंधरा दिवस, डब्याच्या कडा बोटानं पुसून. खाली पाहताना तिला गुडघा दिसत नसे. गड्ड्यावरचं ते ओढलेलं स्तनाग्र दिसे.

पौष, टाकानं, शेवटी : एक.

जाताना : चटणी

रिकामा झालेला डबा तिनं राखेनं घासला. घासायला काही नव्हतं. वास नव्हता, डाग नव्हता. तरी घासला. चटणी कुटली. भरली.

स्टेशनवर यज्ञेश्वर आपल्या पायांनी गाडीत चढले. डबा मांडीवर घेऊन खिडकीशी बसले.

"सोनाबाईला काही बोलू नका," प्रभा म्हणाली.

"काय बोलणार?"

"आणि तिनं विचारलं तर..."

"माहीत आहे," ते म्हणाले. "फार पसंत पडलं म्हणतो."

शिट्टी झाली. तिनं खिडकीच्या गजावरचा हात काढला नाही, गाडीनंच काढला.

मोरवण्याचं कार्ड

*साहेब आले. तीन दिवस तीन ओहोट्या होडीत उभे होतो. साहेब भला माणूस आहे. तिसऱ्या दिवशी त्यानंच मला पाणी दिलं. काही वर आलं नाही. त्याच्या वहीत लिहिलं : प्राणी आढळला नाही, मनाईचे कारण दिसत नाही.*

*समुद्र मोठा आहे. तुला सांगायचं म्हणून सांगतो.*

*सोनाबाई किनाऱ्यावरच भेटली. तू म्हणायचीस तशीच, भरभर बोलणारी. पहिलं विचारलं ते गुडघ्यांचं. म्हणाली, बसून दाखवा. मी वाळूत उकिडवा बसलो आणि उठलो. म्हणाली, परत. परत बसलो. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा ती टाळ्या वाजवून रडली. म्हणाली, बायला सांगा, माझ्या हाताला यश आलं.*

*महिपतीला मी सगळं सांगितलं, होडीत, शेवटच्या दिवशी. सांगायला नको होतं. तो अजून जेवलेला नाही. बायकोला सांगू नका, एवढंच म्हणाला.*

येताना

ते माघ संपता आले, त्याच बोळातून, काठी न घेता, ताठ. सोजरबाई दारात शेंगा मापत होती. "आलं की दर्यासारंग! पाय लई झ्याक झालं वो, मास्तर!"

यज्ञेश्वरांनी मान हलवली. डबा प्रभाच्या हातात दिला आणि न बोलता जिना चढून गेले. भिंतीला हात न लावता.

डबा हलका होता, पण रिकामा नव्हता.

तिनं झाकण फिरवलं. गवत. या वेळी वाळलेलं नव्हतं. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं, हिरवंगार, हातभर लांब, घड्या घालून घालून बसवलेलं. महिपतीनं स्वतः पाण्यात उतरून काढलेलं.

"ही कसली वैरन?" सोजरबाईनं मान पुढं केली. "अगं बया, केवढं वाढलंय!"

प्रभानं एक पात उचलली आणि उजेडात धरली. मग दुसरी. मग ती उंबऱ्यावर बसली आणि सगळं गवत मांडीवर उलगडून एकेक पात टोकापर्यंत बोटांतून ओढू लागली, सावकाश, पोरीच्या डोक्यात बघावं तशी.

सोजरबाई बघत राहिली. तिच्याही ध्यानात आलं असावं, कारण भरलेलं माप तिनं ओतलंच नाही.

प्रत्येक पातीला शेंडा होता.